इप्सिलँटीची बालवाडी आणि चाळीस वर्षांनंतरच्या अटका : लहानपणीचे शिक्षण गुन्हेगारी कमी करते का?

नीलपर्ण

अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचे एक लहानसे शहर आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तेथील सरकारी शाळांच्या विशेष शिक्षण विभागात डेव्हिड वायकार्ट हे मानसशास्त्रज्ञ रुजू झाले. शहराच्या दक्षिण भागातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने नापास होत होती, एकाच इयत्तेत पुन्हा बसवली जात होती किंवा 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात पाठवली जात होती. वायकार्ट यांनी मुख्याध्यापकांपुढे ही आकडेवारी मांडली, तेव्हा बहुतेकांनी शाळेच्या पद्धतीत बदल करायला नकार दिला. अपवाद होता तो पेरी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स यूजीन बीटी यांचा. शाळा बदलत नसेल तर शाळेच्या आधीच्या वयात काही करता येईल, या विचारातून १९६२ मध्ये पेरी शाळेत तीन-चार वर्षांच्या मुलांची बालवाडी सुरू झाली.

इतक्या लहान मुलांना शाळेत आणल्याने त्यांचे नुकसानच होईल, असे त्या काळातील काही तज्ज्ञांचे मत होते. म्हणूनच वायकार्ट यांनी केवळ बालवाडी न चालवता प्रयोग करायचे ठरवले, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतील, ७० ते ८५ बुद्ध्यंक असलेली १२३ मुले निवडली गेली. नाणे उडवून त्यांचे दोन गट केले गेले. ५८ मुलांना बालवाडी मिळाली आणि ६५ मुले तुलनेसाठी तिच्याबाहेर राहिली. बालवाडी रोज सकाळी अडीच तास भरे, आणि बहुतेक मुले तिथे दोन वर्षे होती. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका असे, आणि तीच शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन सुमारे दीड तास त्याच्या आईसोबत आणि त्याच्यासोबत बसत असे.

त्यानंतर संशोधकांनी या मुलांची पाठ सोडली नाही. ती चाळीस वर्षांची झाली तेव्हा जिवंत असलेल्यांपैकी ९७ टक्के जणांची मुलाखत घेतली गेली. इतका दीर्घ आणि चिवट पाठपुरावा समाजशास्त्रात अपवादानेच आढळतो. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण तुलना गटात ५५ टक्के, तर बालवाडी गटात ३६ टक्के होते. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६० आणि ७७ टक्के होते.

मला या धाग्यात ज्याकडे लक्ष वेधायचे आहे ती गोष्ट पुढेच आहे. बालवाडी संपताना त्या मुलांचा बुद्ध्यंक खरोखर वाढला होता. पाचव्या वर्षी ९० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यंक असलेली मुले बालवाडी गटात ६७ टक्के, तर दुसऱ्या गटात २८ टक्के होती. पण आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत हा फरक पुसला गेला. त्या टप्प्यावर अभ्यास थांबला असता, तर प्रयोग फसला असाच निष्कर्ष निघाला असता. बुद्ध्यंकातला फरक नाहीसा झाल्यानंतर दहा-वीस वर्षांनी अटकांमधला फरक दिसू लागला. याचा अर्थ मुलांना त्या दोन वर्षांत जे मिळाले ते बुद्ध्यंकाच्या चाचणीत मोजले जात नव्हते. ते काय होते, आणि प्रत्येक बालवाडी ते देते का, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

सांख्यिक

नीलपर्ण, मांडणी काळजीपूर्वक केली आहे, पण या प्रयोगावर जितका डोलारा उभा केला जातो तितका त्याचा पाया रुंद नाही, हे आधी नोंदवायला हवे.

बालवाडी गटातील ५८ मुलांपैकी मुलगे होते ३३. तुलना गटात ३९. गुन्हेगारीतला फरक बहुतांशी या मुलग्यांमध्येच आहे. चाळिसाव्या वर्षीच्या अहवालात समाजाला झालेल्या आर्थिक लाभाचा जो हिशेब मांडला आहे, त्यातील ८८ टक्के वाटा गुन्हे टळल्यामुळे वाचलेल्या खर्चाचा आहे, आणि एकूण सार्वजनिक लाभापैकी ९३ टक्के मुलग्यांमुळे आहे. म्हणजे एका डॉलरमागे जवळपास तेरा डॉलर सार्वजनिक परतावा मिळाल्याचा जो आकडा आपण वारंवार ऐकतो, तो अखेरीस काही डझन पुरुषांच्या आयुष्यावर उभा आहे. त्यांच्यातील दोन-चार सराईत गुन्हेगार इकडचे तिकडे झाले असते, तर हिशेब बराच बदलला असता.

शिवाय गटवाटणीही पूर्णपणे शुद्ध नव्हती. ज्या मुलांच्या आया नोकरी करत होत्या आणि घरभेटीला उपलब्ध नव्हत्या, त्यांच्यापैकी काहींना नंतर तुलना गटात हलवले गेले. धाकट्या भावंडांना थोरल्या भावंडाच्याच गटात ठेवले गेले. न्यायाच्या बाजूने हेही सांगतो, की शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या त्रुटी हिशेबात धरून, लहान नमुन्याला योग्य अशा पद्धतीने सारे गणित पुन्हा मांडले, तेव्हाही मुख्य निष्कर्ष टिकून राहिले.

परंतु दुसरीकडे पाहा. उत्तर कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या अबेसिडेरियन प्रकल्पात १११ मुले होती. त्यातील प्रयोग गटाला तान्हेपणापासून पाच वर्षांपर्यंत, दिवसभर, उत्तम दर्जाची देखभाल आणि शिक्षण मिळाले. पेरीपेक्षा हा कार्यक्रम कितीतरी सघन होता आणि त्याचा अभ्यासातील प्रगतीवर झालेला परिणामही दीर्घकाळ टिकला. तरीही एकविसाव्या वर्षापर्यंतच्या अटकांच्या नोंदी तपासल्या असता दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. लहानपणीच्या शिक्षणाने गुन्हेगारी कमी होते हा सरळ नियम असता, तर तो इथे सर्वांत ठळकपणे दिसायला हवा होता.

हुरॉनकाठ

मी गेली अनेक वर्षे इप्सिलँटीच्या शेजारच्या ॲन आर्बरमध्ये राहतो. या दोन शहरांमध्ये गाडीने पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे, एकच हुरॉन नदी दोन्हींतून वाहते, तरीही राहणीमानात असलेला फरक डोळ्यांत भरतो. आकड्यांवर चर्चा करताना ही जागा समजून घ्यायला हवी असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात इप्सिलँटीजवळ विलो रन येथे फोर्ड कंपनीचा बॉम्बफेकी विमानांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कामगार इथे आले, त्यात कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. त्यांना हवे तिथे घर मिळत नसे, त्यामुळे शहराच्या दक्षिण भागातच त्यांची वस्ती दाट होत गेली. पेरी शाळा ही त्या वस्तीची शाळा. प्रयोगातील सर्व १२३ मुले कृष्णवर्णीय होती, त्यामागे निवासाची ही विभागणी होती.

म्हणून 'अटक' आणि 'गुन्हा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही मुले वयात आली ती १९७० आणि १९८०च्या दशकांत, जेव्हा अमेरिकेत अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत कृष्णवर्णीय तरुणांना धरण्याचे प्रमाण भयंकर वाढले. पोलीस ज्या वस्तीत अधिक फिरतात तिथे अटका अधिक होतात. दोन्ही गट एकाच वस्तीतले असल्यामुळे तुलना बिघडत नाही हे मान्य आहे, परंतु बालवाडी गटातही ३६ टक्के जण पाच वेळा अटक होण्याइतके पोलिसांच्या हाती लागले, या आकड्याकडे केवळ यश म्हणून पाहणे मला जमत नाही. त्या मुलांना उत्तम बालवाडी मिळाली. बाकीचे शहर जसे होते तसेच राहिले.

नीलपर्ण

सांख्यिक आणि हुरॉनकाठ, दोघांचेही मनापासून आभार. अटक म्हणजे गुन्हा नव्हे ही दुरुस्ती मी स्वीकारतो.

नमुना लहान आहे हा आक्षेप रास्त आहे, म्हणून मोठ्या नमुन्याचे एक उदाहरण देतो. शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये १९६७ पासून 'बाल-पालक केंद्रे' चालवली जात आहेत. आर्थर रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या आसपास जन्मलेल्या १,५३९ मुलांचा पाठपुरावा केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, अठरा वर्षांपर्यंत अटक झालेल्यांचे प्रमाण केंद्रात गेलेल्या मुलांमध्ये १६.९ टक्के, तर इतरांमध्ये २५.१ टक्के होते. हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांचे प्रमाण ९ टक्के विरुद्ध १५.३ टक्के होते. इथे नाणे उडवून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे जे पालक मुळातच जागरूक होते तेच केंद्राकडे वळले असतील ही शंका उरते. पण हा विद्यापीठाच्या देखरेखीखालचा छोटा प्रयोग नव्हता, तर सरकारी यंत्रणेने वर्षानुवर्षे चालवलेला कार्यक्रम होता, ही त्याची जमेची बाजू आहे.

आता अबेसिडेरियनबद्दल. मला वाटते, तोच निकाल आपल्याला उत्तराच्या जवळ नेतो. तिथे बुद्धी आणि अभ्यास यांवरचा परिणाम टिकला, पण अटकांमध्ये फरक पडला नाही. पेरीमध्ये बुद्ध्यंक टिकला नाही, पण अटकांमध्ये फरक पडला. हेकमन, पिंटो आणि साव्हेलिएव्ह यांनी २०१३ मध्ये पेरीच्या जुन्या नोंदी पुन्हा उलगडल्या. मुले सात ते नऊ वर्षांची असताना प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी त्यांच्या वागण्याविषयी तपशीलवार नोंदी केल्या होत्या : मारामारी करणे, खोटे बोलणे, वर्गात अडथळा आणणे, दुसऱ्याची वस्तू उचलणे. बालवाडीत गेलेल्या मुलांमध्ये हे वर्तन लक्षणीयरीत्या कमी होते, आणि पुढे गुन्हेगारीत जी घट दिसली तिचा बराच मोठा भाग या बदलाने उलगडतो, असे त्यांना आढळले.

हा बदल झाला कसा, याचा धागा मला त्या वर्गाच्या रोजच्या क्रमात दिसतो. मूल सकाळी आल्यावर आज आपण काय करणार हे शिक्षिकेला सांगे. मग ठोकळ्यांचा कोपरा असो, भातुकलीचा असो की रंगांचा, ठरवलेले काम ते स्वतः करी, आणि अखेरीस सर्वांसमोर बसून आपण काय केले, कुठे अडले, हे सांगे. तीन वर्षांच्या मुलाने 'मी ठरवले, मी केले, आणि ठरवल्यापेक्षा हे वेगळे झाले' असे रोज, दोन वर्षे, ऐकून घेणाऱ्या मोठ्या माणसासमोर म्हणणे ही साधी गोष्ट नाही. हातातली वस्तू हिसकावण्याआधी क्षणभर थांबणे याच सवयीतून येते, असे माझे मत आहे. त्याला पुरावा म्हणण्याइतका मी धीट नाही.

माउलीछाया

माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. आमच्या भागातील नर्सरीत मुलांना रेघांच्या वहीत अक्षरे गिरवायला देतात आणि घरीही तेच करून आणायला सांगतात. या वयात जितके लवकर बसवावे तितके पुढे चांगले, असे तिथे सांगितले जाते. वरील संशोधनाचा आधार घेऊन असे म्हणता येईल का?

खडूधूळ

माउलीछाया, नेमक्या याच प्रश्नावर त्याच शहरात दुसरा प्रयोग झाला होता. मी पूर्वप्राथमिक शिक्षकांना शिकवते, आणि प्रत्येक नव्या तुकडीला मी हाच प्रयोग आधी सांगते.

१९६७ मध्ये इप्सिलँटीत ६८ गरीब मुलांना तीन प्रकारच्या बालवाड्यांमध्ये वाटले गेले. पहिल्या प्रकारात शिक्षिका आखीव धड्यांनुसार अक्षरे, अंक आणि भाषा थेट शिकवी, आणि मुलांनी ठरलेली उत्तरे द्यायची असत. दुसऱ्या प्रकारात नीलपर्ण यांनी वर्णन केलेला ठरवणे, करणे आणि सांगणे हा क्रम होता. तिसरा प्रकार मुक्त खेळाच्या जुन्या बालवाडीचा. सुरुवातीला तिन्ही गटांचा बुद्ध्यंक वाढला आणि कोणता प्रकार श्रेष्ठ हे कळेना. पंधराव्या वर्षी मात्र थेट शिकवलेल्या गटातील मुलांनी स्वतः सांगितलेल्या गैरकृत्यांची संख्या दुसऱ्या गटाच्या दुप्पट भरली, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकाही त्याच गटात अधिक होत्या.

या अभ्यासावरचे आक्षेपही सांगितले पाहिजेत. प्रत्येक गटात बावीस-तेवीसच मुले होती, आणि अभ्यास करणारी संस्था दुसऱ्या पद्धतीची जनक होती. थेट शिकवण्याच्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी हे निष्कर्ष जोरदारपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे अक्षरे गिरवल्याने मूल गुन्हेगार होते असा अर्थ कोणीही काढू नये. तसे म्हणणे पालकांना विनाकारण घाबरवणे होईल. आपल्या प्रश्नापुरते एवढे निश्चित म्हणता येते, की पेरीच्या बालवाडीचा दाखला देऊन गिरवण्याच्या वह्यांचे समर्थन करता येत नाही, कारण पेरीमध्ये ते चालतच नव्हते.

याहून गंभीर इशारा टेनेसी राज्यातून आला आहे. तिथल्या सरकारी बालवाड्यांमध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे प्रवेश सोडतीसारख्या पद्धतीने दिले गेले, आणि त्यातून सुमारे ३,००० मुलांचा अभ्यास करता आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहावीत पोहोचेपर्यंत बालवाडीत गेलेल्या मुलांचे गुण प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा कमी होते आणि शाळेतील शिस्तभंगाच्या नोंदी अधिक होत्या. कॅनडातील क्वीबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघराची सोय सर्वांसाठी खुली केली. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थशास्त्रज्ञांना त्या पिढीतील मुलांमध्ये आक्रमकता वाढलेली आढळली, आणि पुढे किशोरवयात, विशेषतः मुलग्यांमध्ये, गुन्ह्यांचे प्रमाणही वाढलेले आढळले. ही सोय गरीब घरांपुरती नव्हती, आणि मागणी इतक्या झपाट्याने वाढली की दर्जा सर्वत्र सारखा राखणे शक्य झाले नाही.

सरकारे पेरीचा परतावा सांगून निधी मिळवतात, आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस मुलांमागे एक थकलेली, कमी पगाराची बाई नेमतात. नाव बालवाडीच राहते, पण ज्या गोष्टीमुळे फरक पडला असेल तीच गळून पडते. याचा मला राग येतो आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

अंगणताई

मी एकात्मिक बाल विकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून काम करते. वरील सर्व चर्चा वाचताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा एकाच वाक्यावर गेले : शिक्षिका दर आठवड्याला दीड तास घरी जात असे.

गृहभेट हा शब्द आमच्या कामातही आहे. पण आमची सेविका घरी जाते ती गरोदर आईची नोंद, बाळाचे वजन, लसीकरणाची तारीख, आहाराचा सल्ला यांसाठी, आणि तेही मोबाइलवर माहिती भरता भरता. ते काम अत्यावश्यक आहे, त्याने जीव वाचतात. तरी चार वर्षांच्या मुलाशेजारी जमिनीवर बसून, त्याची आई पाहत असताना त्याच्याशी निवांत बोलायला तिच्याकडे वेळ उरत नाही. मी एकदा एका सेविकेसोबत गेले होते. मूल सारखे चावते, मारते, म्हणून आई ते आले की दार लावून घेई आणि बदडून काढी. सेविकेने नोंदवही बाजूला ठेवली आणि त्या मुलाला डब्यांची झाकणे लावायला दिली. ते अडले की थांबायची, उत्तर सांगायची नाही. वीस मिनिटे ते शांतपणे बसले. आईने विचारले, "माझ्यासमोर का नाही असा बसत?" त्या प्रश्नानंतर त्या घरात जे बोलणे झाले ते कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा त्यांनाही हेच कळले होते की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणापर्यंत जायचे. 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच आला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. नीलपर्ण यांना एक विचारते : पेरीच्या त्या भेटींचा घरातल्या इतर मुलांवर काही परिणाम झाला का? कारण आमच्या अनुभवात अशा भेटीच्या वेळी धाकटे मूल आईच्या मांडीवर असतेच.

पाऊलखुणा

मी विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांसोबत समुपदेशनाचे काम करतो. अंगणताईंच्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत एक विनंती करतो. बालवाडीसाठी पैसे मागताना ही मुले पुढे गुन्हेगार होतील असा धाक सरकारला दाखवू नये. निरीक्षणगृहात माझ्यासमोर बसणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना 'हा असाच निघणार' हे वाक्य त्यांच्या वस्तीमुळे किंवा जातीमुळे फार लहानपणापासून ऐकावे लागलेले असते. तेच वाक्य आपण तीन वर्षांच्या मुलाबद्दल, सहानुभूतीच्या सुरात का होईना, धोरणाच्या कागदावर लिहू लागलो, तर बालवाडीची शिक्षिकाही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहील. पेरीमध्ये जे घडले ते त्याच्या उलट होते : जग ज्याला मंदबुद्धी म्हणत होते त्याला 'तू आज काय करणार आहेस?' असे विचारले गेले.

नीलपर्ण

पाऊलखुणा, आपले म्हणणे पटले. यापुढे या विषयावर लिहिताना मी ते ध्यानात ठेवीन.

अंगणताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पेरीमधील मुले पंचावन्न वर्षांच्या आसपास पोहोचली तेव्हा हेकमन आणि करपकुला यांनी त्यांची पुन्हा गाठ घेतली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालवाडीत गेलेल्यांच्या भावंडांमध्ये, जी स्वतः त्या बालवाडीत गेली नव्हती, त्यांच्यातही लाभ दिसला, आणि भावांच्या बाबतीत तो विशेष होता. पुढच्या पिढीतही तसेच आढळले. बालवाडी गटातील लोकांची मुले शाळेतून निलंबित न होता शिक्षण पूर्ण करण्याचे आणि कधीही अटक न होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटातील लोकांच्या मुलांपेक्षा अधिक होते.

हुरॉनकाठ यांच्यासाठी त्याच निबंधातील आणखी एक नोंद देतो. ही दुसरी पिढी काही अधिक चांगल्या वस्तीत वाढलेली नव्हती. तिच्या वाट्याला आलेला परिसर दुसऱ्या गटातील मुलांच्या परिसरासारखाच, किंवा काही बाबतींत त्याहून वाईट होता. संशोधकांना फरक आढळला तो घरात : बालवाडीत गेलेल्या पालकांची मुले आई-वडील दोघेही असलेल्या स्थिर घरात वाढण्याचे प्रमाण अधिक होते.